राईतले लाल आकडे

अण्णा, राईतल्या झाडांवरचे ते लाल आकडे मी घातले होते. एवढं एकच तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही होतात तेव्हा जीभ रेटली नाही, आणि आता लिहायला बसले तर वाटतं, किती साधं वाक्य, भाजी निवडता निवडताही सांगून झालं असतं. मुलुंडच्या आपल्या त्या दोन खोल्यांत आपण कधी एकमेकांपासून दहा हातांपेक्षा लांब नसायचो. तरी सांगितलं नाही. आता मी वयानं तुमच्याही पुढे गेले आहे, गुडघे तुमच्यासारखेच कुरकुरतात, पण ही लाज मात्र एकोणीस वर्षांच्या पोरीचीच राहिली आहे, तिला काही वय चढलं नाही.

तुम्ही घाटकोपरच्या लाकडाच्या वखारीत मोजणीला होतात. आलेल्या ओंडक्याला टेप लावायची, घेर आणि लांबी वहीत लिहायची आणि ओंडक्यावर रंगानं आकडा घालायचा. सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन यायची आणि त्या ओंडक्यांवरचे आकडे मोठ्यानं वाचत बसायची. म्हणजे आकड्याचा अर्थ मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. एकदा मालकानं तुम्हाला मुरबाडच्या पलीकडे डोंगरात एक राई बघायला पाठवलं. उभी झाडं किती, लाकूड किती निघेल, याचा अंदाज काढायचा होता. तुम्ही अंदाज काढून आलात, मालक म्हणाला, एवढ्याशा रानात ट्रकचं भाडंही सुटणार नाही, आणि त्यानं नाद सोडला. तो नाद मग तुम्हाला लागला. महिन्याभरात आईच्या पाटल्या गेल्या आणि डोंगराच्या उतारावरची दोन एकर राई आपल्या नावावर झाली. शेजारीपाजारी तेव्हा नाहूरला ब्लॉक बघत हिंडत होते. आई म्हणाली, "अहो, माणसं घर घेतात. तुम्ही झाडं घेतलीत? आम्ही काय फांदीवर लोंबकळायचं?" तुम्ही शर्टाची बटणं काढत शांतपणे म्हणालात, "जन्मभर मेलेली झाडं मोजली. थोडी जिवंत मोजतो आता." चाळीत तुमचं नाव वनराज पडलं. नळावर बायका आईला विचारायच्या, "काय वहिनी, वाघ बरा आहे ना?" आई हसून घ्यायची. मला ते जमायचं नाही. कॉलेजात कुणी विचारलं तर मी सांगायची, गावाकडे आमची थोडी शेती आहे. राईची पहिली लाज मला अशी वाटली, आणि ती फुकटची होती.

तुमचा नेम ठरलेला होता. दिवाळी उलटली की पहिल्या रविवारी राईत जायचं, प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा आणि राईच्या वेगळ्या वहीत लिहायचा. कल्याणहून एसटी, पुढे तासभर चढण. फाट्यावर तुम्ही ठेवलेला राखणदार उभा असायचा. वरच्या ठाकरवाडीतला तो माणूस तुमच्याहून चारपाच वर्षांनी मोठा असेल, बारीक अंगाचा, कमरेला कोयता. मी त्याला मामा म्हणायची. तुम्ही टेपचं एक टोक धरायचात, तो दुसरं टोक घेऊन झाडाला वळसा घालायचा, आणि माप वाचून झालं की दोघं मिळून त्या झाडाबद्दल बोलायचात, जशी आपल्याकडे लग्नात नातेवाइकांबद्दल बोलतात. वारुळाजवळचा ऐन. दोन खोडांची किंजळ. वीज पडूनही उभा राहिलेला हिरडा. तुम्ही मला प्रत्येक झाड दाखवायचात आणि विचारायचात, "लक्षात राहील ना गं?" मी म्हणायची, हो हो. माझं लक्ष परतीच्या एसटीकडे. दुपारी त्याच्या घरची नाचणीची भाकरी आणि ठेचा, तुम्ही दोघं एका पानावर बसायचात, आणि मे महिन्यात त्याच्याकडून मुलुंडला करवंदांची टोपली यायची. तुम्हाला मित्र तसे फार नव्हते. तो एक होता.

आणि मग त्या वर्षी वखारीत ओंडका सरकला आणि तुमचा गुडघा प्लास्टरमध्ये गेला. दिवाळी झाली, रविवार आला, तुम्ही खाटेवर तळमळत होतात. शेवटी म्हणालात, "या खेपेला तू जा. तुला तर सगळी झाडं ओळखीची आहेत." आई म्हणाली, एकटी पोर कुठे रानात पाठवता? तुम्ही म्हणालात, तो आहे ना तिथे, मग एकटी कशी? मला एकही झाड ओळखता येत नव्हतं, अण्णा. पण तसं सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांचं हो हो खोटं होतं हे सांगायचं. शिवाय त्याच संध्याकाळी मैत्रिणीचा साखरपुडा होता आणि मला लवकर परतायचं होतं. दिवाळीत दारं रंगवून उरलेला लाल ऑइलपेंटचा डबा मोरीखाली पडला होता. तो मी पिशवीत घातला. स्वतःच्या हुशारीवर खूष होते मी. झाडाला एकदाचा आकडा घातला की संपलं, कुणीही यावं आणि मोजून जावं!

मी पहिल्या झाडावर छातीच्या उंचीला एक काढला तेव्हा मामानं हातातली टेप खाली घेतली. मग म्हणाला, "बाय, झाडाव आकडं नको टाकू. आकडं पडलं का कुऱ्हाडवाला येतो." मी म्हटलं, "तुला काय कळतंय यातलं? अण्णांनीच सांगितलंय." त्याला मी तुला म्हणाले. वडिलांच्या वयाच्या माणसाला. आणि तुमच्या नावावर खोटं बोलले. तुमचं नाव ऐकल्यावर तो टेप घेऊन झाडाला वळसा घालू लागला. एकेचाळीस झाडं झाली आणि डबा संपला. उरलेली मी तशीच सोडली आणि धावत एसटी गाठली. घरी तुम्ही वही उघडलीत, बोटानं ओळी खाली खाली नेल्यात आणि म्हणालात, "शाब्बास! अर्ध्या दिवसात एवढी झाडं? उरलेली मी उठलो की मोजीन." रंगाचं मी बोलले नाही. आधी तुम्हाला बरं वाटू द्यावं, मग सांगू, असं ठरवलं होतं.

शेजारच्या उताराचं रान त्याच हिवाळ्यात ठेकेदाराला विकलं गेलं. महाशिवरात्रीनंतर तुम्ही काठी टेकत टेकत वर आलात, मी बरोबर होते. वळणावरून राई दिसते तिथे तुम्ही थांबलात, कारण पलीकडचं आभाळ दिसत होतं. एकेचाळीस बुंधे. मी मोजले नाहीत, मला गरज नव्हती. उरलेली झाडं ओकीबोकी उभी होती. ठेकेदाराचा मुकादम शेजारी अजून काम करत होता, तो काही लबाड वाटला नाही. म्हणाला, "साहेब, आकडा असेल ते झाड पाडायचं, एवढंच आमच्या माणसांना ठाऊक. तुमच्या झाडांना आकडे होते, लाल. आम्ही नाही घातले." तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. माझ्यावर संशय घ्यायचं तुमच्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही तिथेच बुंध्यांजवळ उभ्या असलेल्या राखणदाराकडे वळलात आणि विचारलंत, "आकडे कोणी घातले?"

आकडे तुमच्याच सांगण्यावरून पडले या समजुतीनं त्यानं कुऱ्हाडवाल्यांना अडवलं नव्हतं; आता तो माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो वाट बघत होता, पोर आता बोलेल म्हणून. मी बुंध्यावरच्या मुंग्यांकडे बघत राहिले. मग तो म्हणाला, "मी नाय घातलं, अण्णा." एवढंच. कोणी घातले ते सांगितलं नाही. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "ठेकेदारानं किती दिलं? आजपासून राईत पाऊल टाकायचं नाही." त्यानं कमरेची टेप सोडली, नीट गुंडाळली, बुंध्यावर ठेवली आणि तो उतरून गेला. त्याच्यासाठी आईनं दिलेली चिवड्याची पुडी माझ्या पिशवीत तशीच राहिली.

तुम्ही तक्रार केली नाहीत. "करून काय? झाडं परत चिकटवणार आहेत का?" राईत पुन्हा गेलाही नाहीत. करवंदं येईनाशी झाली. आई एकदा बाजारातून घेऊन आली तर तुम्ही ताटली बाजूला सारलीत. मी रोज ठरवायची, आज सांगू. पुढे माझं लग्न झालं, मी बोरिवलीला गेले, दर रविवारी यायची तेव्हाही ठरवूनच यायची. तुमच्या शेवटच्या आजारात तुम्ही उशाशी राईची ती वही ठेवायचात आणि माझ्या अक्षरातल्या पानावरून बोट फिरवायचात. एका दुपारी छताकडे बघत म्हणालात, "झाडांचं जाऊ दे. पण त्यानं असं का केलं असेल गं? मी त्याला कधी परका मानला नव्हता." खोलीत आपण दोघंच होतो. आई वाण्याकडे गेली होती. इतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. मी तुमची चादर सारखी केली आणि म्हटलं, "माणसं बदलतात, अण्णा." तुम्ही मान हलवलीत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

पुढच्या वर्षी मी एकटी वर गेले. बुंध्यांना फुटवे आले होते, काही माझ्या डोक्याच्या वर गेलेले. सगळ्या राईभोवती काट्यांचं कुंपण होतं, गुरं शिरू नयेत म्हणून, दरवर्षी नवं घातल्यासारखं ताजं. मामा बाहेरच्या बाजूला बसला होता, खूप थकलेला. म्हणाला, "अण्णांनी पाऊल टाकू नको म्हटलं. नाय टाकलं. भायेरूनच राखली." मग त्यानं तुमचं विचारलं, मी तुम्ही गेल्याचं सांगितलं. त्यानं डोक्याचं फडकं सोडून मांडीवर ठेवलं. म्हणाला, "त्यांना सांगितलंस ना, बाय?"

मी हो म्हटलं.

"काय म्हटलं?"

"म्हणाले, माझं चुकलं. मामाला सांग, मला माफ कर." तुमच्या तोंडी मी माफी घातली, अण्णा. त्याचा चेहरा असा सैल झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यानं डोळे पुसले आणि कुंपणाची एक काटेरी फांदी बाजूला करून, इतक्या वर्षांनी, राईत पाऊल टाकलं. तो आता नाही. राईही नंतर सरकारजमा झाली. मी मात्र तुम्हा दोघांशीही खोटं बोलून मोकळी झाले, आणि दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला.

हे कुठे पाठवणार? तुमच्या वहीतच ठेवीन. आणि वही उघडलीच आहे तर अजून एक सांगते. त्या दिवशी उशीर होत होता. तिसाव्या झाडानंतर मी टेप लावलीच नाही, मामाला टेप गुंडाळायला सांगितली, नुसता रंग लावत गेले आणि घेर मनानंच लिहिले. ज्या पानावरून तुम्ही शेवटपर्यंत बोट फिरवत होतात, त्यातली शेवटची अकरा झाडं कुणी मोजलीच नव्हती.