पहिलं ताट

धाराशिव,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या यांना राजनंदिनीचा सा. न. वि. वि.

युवराजच्या टेम्पोतून येसराचे रिकामे डबे परत पाठवते आहे. निळ्या झाकणाच्या डब्यात हे पत्र आहे. फोनवर मी नुसतं हूं हूं करते आणि विसरते, असं तुम्ही आप्पांकडं गाऱ्हाणं केलंत, म्हणून आता लेखीच घ्या.

उमरग्याची शाखा उघडून दोन महिने झाले. ‘विठाबाईचं येसर’ ही पाटी हायवेवरून लांबनं दिसते. धाराशिवचं आपलं दुकान धरलं तर ही दुसरी. शिवशंकर ट्रक चालवायचं सोडून यात उतरला, आणि त्याची बायको ज्ञानेश्वरी स्वयंपाक बघते. तुमच्याकडं बेंबळीत आठ दिवस राहून शिकून गेली, तीच. आमटीला येसराचं भाजकं पीठ तुमच्या हातचं, पाणी मापून, तेल मापून, मीठ तर ग्रॅमवर. कृती लिहिलेल्या माझ्या वहीत एकेचाळीस पानं आहेत. तरी पहिली तक्रार आली की आमटी खारट. मी फोन करून मीठ कमी करायला लावलं, तर दुसरी तक्रार आली की अळणी. मग मीठ पुन्हा होतं तेवढं केलं. तिसऱ्या तक्रारीला पाटी उतरवायची असं करारात कलम आहे, आणि ते मीच हट्टानं घातलंय.

तेरखेड्याची करिश्मा शाखा मागते आहे. फटाक्याच्या कारखान्यातलं काम सोडून तिला स्वतःचं काहीतरी करायचंय. पण उमरगा धड चालत नाही तोवर तिला कुठल्या तोंडानं हो म्हणू? आत्या, तुम्ही आमटी कधी चाखत नाही, नुसत्या वासावर मीठ ओळखता, हे सगळ्या भावकीला माहीत आहे. तो वास नक्की कसा असतो ते मला चार ओळींत लिहून द्या. बेचाळिसावं पान तुमच्या नाकाचं.

आप्पांचा नमस्कार. लोभ आहेच, पण डबा परत येतो तसा तो रिकामा पाठवू नये.

तुमची,
राजनंदिनी


बेंबळी,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

चि. राजनंदिनी हिला विठाबाईचे अ. आ.

पत्र पोचलं. कागदाला येसर लागलं हुतं, उघडल्या उघडल्या दोन बारी शिंकले. अक्षर मातर तुझ्या बापापरीस बरं हाय.

नाकाचं लिहून दे म्हणतीस. नाक काय चिपट्यानं मोजायचं असतं व्हय? नैवेद्य दाखवायच्या आधी आपल्यात कुणी जिभेला लावत न्हाय, उष्टं हुतं. सासूनं शिकवलं, आन म्या पन्नास वर्सं तसंच केलं. ज्वारी, गहू, डाळ, धनं कसं भाजायचं ते सांगितलं, कधी काढायचं ते सांगितलं. मिठाचं कळतं म्हंजे कळतं. त्याचं पान बिन हुत न्हाय.

तुझी वही ज्ञानेश्वरीनं मला वाचून दाखवली हुती. हात कसं धुवायचं ह्याला बी एक पान हाय, मला लई हसू आलं. पण ती पोरगी ते पान वाचून उठली आन परत हात धुऊन आली. तिच्या हातनं वंगाळ हुणार न्हाय, लिहून ठेव.

आन एक. पाटीवर नाव तुझं न्हाय, माझं हाय. तिकडं कुणी तोंड वाकडं केलं तर ते मला बघून केलं असं म्या धरते. म्हणून जीवाला घोर लागलाय. तुझ्या आप्पाला, आमच्या रामलिंगला म्हणावं गुडघ्याला तेल चोळ.

ऊन वाढलंय, पाणी पीत जा. माझी माया हाय ती हायच, पत्रात वेगळी काय लिहायची.

आत्या


धाराशिव,
गुरुवार, १३ फेब्रुवारी

ती. आत्या यांना सा. न. वि. वि.

तिसरी तक्रार आली. मंगळवारी उमरग्यात एका साखरपुड्याला आपली चाळीस माणसांची आमटी गेली. मुलाकडच्यांनी पहिला घास घेतला आणि पाण्याचे तांबे मागवले. मुलीच्या बापाला नव्या व्याह्यांपुढं मान खाली घालावी लागली. त्यानं मला फोनवर शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, “ताई, तुमचं नाव ऐकून आलो होतो.”

मी ठरवलंय, २८ तारखेला पाटी उतरवायची. शिवशंकरला फोनवर कळवलं. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. पण आज एकाला सूट दिली तर उद्या दहा शाखांना देत बसावं लागेल. मग उमरग्याला एक चव, तेरखेड्याला दुसरी, आणि नाव एकच. असा धंदा चार दिवस टिकायचा नाही. मी वजनकाटा तपासला, माप तपासलं, येसराचे डबे तपासले. सगळं बरोबर आहे आणि आमटी चूक आहे. मग चूक करणाऱ्या हातांचीच म्हणायची ना?

आप्पांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं की घाई करू नको. त्यांचं काय, ते रोज अकराला, गिऱ्हाईक यायच्या आधी दुकानात जेवायला बसतात, आणि आज मीठ कमी, आज तेल जास्त अशी कुरकुर करत जेवतात. स्वयंपाकीण त्यांना वैतागली आहे. तुम्ही तरी माझ्यावर रागावू नका.

लोभ कमी झाला असला तरी आशीर्वाद तेवढाच ठेवावा.

राजनंदिनी


उमरगा,
सोमवार, १७ फेब्रुवारी

ती. विठामावशींना ज्ञानेश्वरीचा शि. सा. नमस्कार.

मी डब्यातून पत्र पाठवलं हे ताईंना सांगू नका. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी करारात जे लिहिलं ते आम्ही वाचूनच सही केली होती.

पाटी जाणार म्हणून ह्यांनी जुन्या ट्रकमालकाला फोन केला. हैदराबादच्या फेऱ्या परत मिळतील म्हणाले. मावशी, लग्नाला नऊ वर्षं झाली, पण हे सलग दोन महिने घरात राहिले ते आत्ताच. शिवांजलीला शाळेत सोडायला जातात. ती रोज विचारती की पप्पा परत गाडीवर जाणार का.

मी माफी मागायला लिहीत नाही. माझं कुठं चुकतंय तेवढं सांगा. वहीतलं एक पान सोडलं नाही. तुम्ही चाखत नव्हता म्हणून मीही कधी चाखलं नाही. नैवेद्य दुपारी होतो, तोवर अर्धी आमटी गिऱ्हाईकांना गेलेली असते. मी फक्त वास घेते. पण खरं सांगते, मला मिठाचा वास येतच नाही. तुमच्याजवळ आठ दिवस उभी राहून वास घेतला. येत नाही हे बोलायची लाज वाटली.

तुमच्या पायाची धूळ,
ज्ञानेश्वरी


मुक्काम उमरगा,
सोमवार, २४ फेब्रुवारी

चि. राजनंदिनी हिला अ. आ.

गावाचं नाव बघून दचकू नको. शुक्रवारी यस्टीनं आले. ज्ञानेश्वरीचं पत्र आलं हुतं. सांगू नका म्हणाली हुती, म्या सांगते.

तीन दिवस चुलीपाशी बसले. हिथं नळाला चार दिसांनी एकदा पाणी येतं. बाकीच्या दिशी बोअरचं, आन ते खारं हाय. तू मीठ मोजलंस, पाणी मोजलंस, पण पाण्यातलं मीठ कोण मोजणार? बोअरच्या दिशी आमटी खारट झाली, तवा तू मीठ कमी करायला लावलंस. मग नळाच्या दिशी अळणी झाली, तवा वाढवायला लावलंस. साखरपुडा बोअरच्या दिशी पडला. कुणी एक बोट जिभेला लावलं असतं तर पहिल्या हप्त्यातच कळलं असतं. लावलं न्हाय, ते माझ्याकडं बघून.

आता जे लिहिते ते म्या कुणाला बोलले न्हाय. मला बी मिठाचा वास येत न्हाय. कधीच येत नव्हता.

नैवेद्य दाखवला की पहिलं ताट ह्यांना, तुझ्या मामांना वाढायचे. बाहेर पंगत खोळंबली असली तरी त्यांचं ताट आधी, चुलीपाशी. मीठ कमी असलं की ते बोलायचे न्हाईत, ताट जरासं माझ्याकडं सरकवायचे. जास्त असलं की भूक नसताना भाकरी मागायचे. म्या गुपचूप आमटी नीट करायची, मग पंगत बसायची. बायका म्हणायच्या, काय बाई विठाबाईचं नाक. हे बी म्हणायचे, आन मिशीत हसायचे. पन्नास वर्सं त्यांच्या जिभेची शाबासकी म्या माझ्या नाकावर घेतली. त्या पोरीला शिकवताना सुदिक खरं सांगायचं तोंड झालं न्हाय. तिची इज्जत चालली हुती, तिच्या नवऱ्याची भाकरी चालली हुती, आन म्या आपली नाक वर करून बसले हुते.

पाटी उतरवायची तर उतरव. पण मग त्या पाटीवरचं नाव आधी पुसून टाक, कारण चूक त्या नावाची हाय.

रागावलीस तर दोन घास कमी खा, पण पत्र धाड.

आत्या


धाराशिव,
सोमवार, ३ मार्च

ती. आत्या यांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दुकानात उभ्यानं वाचलं. अकरा वाजले होते. समोर आप्पा पहिला घास घेऊन कुरकुरले की आज मीठ कमी आहे, आणि स्वयंपाकिणीनं तोंड वाकडं करून पातेल्यात चिमूट टाकली. चार वर्षं हे माझ्या डोळ्यांदेखत चाललंय. मला वाटत होतं की दुकान माझ्या वहीवर चालतं.

पाटी आहे तिथंच आहे. शिवशंकरला फोनवर तसं सांगितलं, तर मध्येच शिवांजली फोनवर आली आणि म्हणाली की पप्पा तोंड धुवायला गेलेत. मी आणि शिवशंकर साखरपुड्यातल्या त्या मुलीच्या वडिलांकडं जाऊन आलो. चूक कशी झाली ते काही न लपवता सांगितलं. लग्नातल्या आमटीचं काम त्यांनी परत आपल्यालाच दिलंय, पण पहिलं ताट ते स्वतः जेवणार या अटीवर.

बेचाळिसावं पान लिहून झालं. नैवेद्य रोज साडेदहाला. त्यानंतर पहिलं ताट अशा माणसाला, जो आपला पगारी नाही आणि ज्याला भीड नाही. त्यानं होय म्हटल्याशिवाय एकही वाटी बाहेर जायची नाही. उमरग्यात ज्ञानेश्वरीनं बिराप्पा म्हणून एका म्हाताऱ्या मेंढपाळाला धरलंय. त्याला आमटी पटली नाही की तो कानडीत ‘उप्पु, उप्पु’ करत मिठाच्या नावानं ओरडतो. पाच दिवसांत एक तक्रार नाही. करिश्माला विचारलं की तेरखेड्यात पहिलं ताट कोण खाणार. ती म्हणाली सासूबाई, त्यांनी लग्नापासून तिच्या एकाही भाजीला चांगलं म्हटलेलं नाही. मी तिथल्या तिथं होकार दिला.

आत्या, तुमच्यावर रागावले नाही. थोडी रागावले होते, पण मामांचं मिशीत हसणं आठवलं आणि गेला राग. एक मात्र विचारायचं राहिलं. आता तुमच्याकडं पहिलं ताट कोण खातं?

उत्तराची वाट बघणारी,
राजनंदिनी


बेंबळी,
गुरुवार, ६ मार्च

चि. राजनंदिनी हिला अ. आ.

पाटी ऱ्हायली हे वाचून देवापुढं साखर ठेवली.

विचारलंस म्हणून लिहिते. ह्यांना जाऊन तीन वर्सं झाली, तवापासून कुणी न्हाय. नैवेद्य दाखवते, ताट वाढते, सवयीनं चुलीपाशी ठेवते, आन जरा वेळानं तेच उचलून म्या जेवते. मीठ कमी हाय का जास्त, ते घास घेतल्यावर कळतं. पण कळून सांगायचं कुणाला?

रविवारी ये. वही आणू नको. आमटी करते, भाकरी तुझ्यासमोर थापते. पहिलं ताट तुझं. मीठ कमी असलं तर बोलू नको बाई, ताट जरासं माझ्याकडं सरकव.

तुझी आत्या