कुसुमची करंगळी

घाटकोपर, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९५३

आज माझी चांगलीच जिरली. चाळीतले सगळे अर्ज माझ्याच हातचे, म्हणून धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, नोकरीचा अर्जही मी झोकात लिहून ठेवला. वाचून ती म्हणाली, "दादा, अक्षर मोत्यासारखं आहे, पण टायपिस्टच्या जागेसाठी हाताने लिहिलेला अर्ज? हसतील रे मला!"

हे मला कसं सुचलं नाही?

मग तिच्याबरोबर टायपिंगच्या क्लासात गेलो. बटणांकडे बघू नये म्हणून तिथले मास्तर मुलींच्या हातांवर फडकं टाकतात. कुसुमची नजर माझ्या कागदावर, आणि फडक्याखाली बोटं नुसती धावत होती. करंगळीसुद्धा! त्या करंगळीसाठीच ती महिनाभर पोळपाटावर बोटं आपटत होती आणि मी तिला खुळी म्हणत होतो. अर्ज पाच मिनिटांत तयार, एक खाडाखोड नाही. त्यापुढे माझं अक्षर... जाऊ दे.

घरी येऊन गुपचूप मीही पोळपाट घेतला. चार बोटं कशीबशी हलली, पण करंगळी शेजारच्या बोटाला सोबत घेतल्याशिवाय उठेना. इतकी वर्षं मी लिहितोय आणि ही नुसती कागदावर टेकून बसलीय. आत्ताही.