लिफ्टमन आणि निळी पेन्सिल

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठे चित्रकार ठेवतात.

मुलांच्या मासिकाच्या संपादकबाईंनी शेवटच्या पानासाठी कॉमिक मागितलंय. एक पान, नऊ चौकटी, महिनाअखेरपर्यंत. आवडलं तर दर महिन्याला ते पान माझं. नोकरी सोडल्यापासूनची ही पहिली खरी संधी. बायकोने अट घातली, हे जमलं नाही तर मुकाट्याने तिच्या भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. मी लगेच हो म्हटलं. हरायचंच नाही तर अटीला कोण घाबरतो?

नायक ठरला. वरून लिफ्टमन, आतून गुप्तहेर. सगळी गोष्ट लिफ्टमध्येच घडते. बायकोच्या मते मला इमारती काढता येत नाहीत म्हणून. गैरसमज आहे.

६ मार्च

एचबी पेन्सिलने सुरुवात केली आणि थांबलो. एचबी शाळकरी वाटते. त्याहून टणक टूएच आणली. रेघ बारीक, स्वच्छ, पण कागदात चर पडला. खोडली तरी चर तसाच, आणि पेनची शाई नेमकी त्यातूनच पळाली. कागद हलका होता. दोष कागदाचा.

९ मार्च

सिक्सबी. काय मऊ पेन्सिल! लिफ्टमनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भाव उमटले. मग त्यावरून माझाच हात फिरला. आता तो लिफ्टमन नसून कोळसेवाला आहे. बाही काळी, टेबल काळं, उशीचा अभ्रा काळा. बायकोचा पारा चढला. निर्मितीत पसारा होतोच, हे तिला समजावलं. समजलं नाही.

१३ मार्च

शाईत बुडवायची निब आणली. कागदात अडकते आणि शिंतोडे उडवते. ब्रश घेतला तर रेघ जाडजूड होते. शाई वाळायच्या आत रबर फिरवलं आणि नायकाचं नाक गेलं. सध्या त्याचे दोन्ही हात खिशात ठेवलेत. गुप्तहेर आहे, शोभतं.

उद्यापासून रोज पहाटे हातांचा सराव.

१८ मार्च

सराव झाला नाही. पहाटे उजेड नीट नसतो.

मेहुणा येऊन गेला. स्वभावाने गरीब, पण कलेतलं शून्य. म्हणाला, "भाऊजी, टाइल्समध्येही डिझाइन असतंच की." मी फक्त हसलो.

२१ मार्च

शोध लागला! फिकट निळी पेन्सिल. तिची रेघ छपाईत उतरतच नाही. खाली निळ्याने काढा, वरून शाई फिरवा, खोडायची भानगडच नाही. मला हे आधी कुणी का सांगितलं नाही?

२५ मार्च

नऊच्या नऊ चौकटी निळ्यात तयार. संवादसुद्धा. कसं झालं मलाच कळलं नाही, हात चालतच राहिला. लिफ्टमनने हात खिशातून बाहेर काढलेत आणि त्यांना पाच-पाच बोटं आहेत. बायको बराच वेळ पान बघत उभी राहिली. म्हणाली, "हे खरंच चांगलं झालंय रे." असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती. मला भरून आलं.

आज शाईने फक्त चौकटींच्या कडा आणि संवादांचे फुगे काढले. पट्टी लावून. झकास.

२८ मार्च

शाईला बसलो. ब्रश बुडवला, उचलला, परत ठेवला. दिवसभर तेच. हे बिघडलं तर पुन्हा असं होणार नाही, अशी भीती वाटते.

निर्णय: शाई नको. शाईने रेघेतला जीव जातो. निळी छपाईत उतरत नाही, मान्य, पण ते नाजूक हाताच्या लोकांचं. मी दाबून काढतो.

३० मार्च

पाठवलं! फोनवरच्या स्कॅनिंग ॲपने, काळ्या-पांढऱ्यात, कारण मासिक तसंच छापतात. चष्मा सापडत नव्हता, पण स्क्रीनवर छोटंसं पान दिसलं. किती स्वच्छ! किती मोकळी जागा! पूर्वी मी फार गिचमीड करायचो. ही परिपक्वता. सोबत एवढंच लिहिलं, स्पष्टीकरण देत नाही, पान स्वतः बोलेल.

१ एप्रिल

संपादकबाईंचा फोन. बेहद्द खूश. इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं म्हणाल्या. पान पक्कं. बायकोने भावाला कळवून टाकलं, की यांची वाट बघू नकोस.

१२ एप्रिल

अंक आला. शेवटच्या पानावर नऊ रिकाम्या चौकटी, रिकामे फुगे. वर मोठ्या अक्षरांत 'चित्रं तुम्ही काढा!' खाली माझं नाव.

बायकोने पान उजेडासमोर धरून पाहिलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

हरकत नाही. मूळ पान घरातच आहे. बाईंना दाखवलं की त्या डोक्याला हात लावतील आणि पुढच्या अंकात छापतील.

२ मे

आज बाईंच्या ऑफिसात गेलो. मुलांनी चौकटी भरून पाठवलेल्या पाकिटांचा ढीग लागलाय. मासिकाच्या कुठल्याच पानाला एवढा प्रतिसाद आला नव्हता. मी मूळ पान पुढे केलं आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी ते नीट पाहिलं, छान आहे म्हणाल्या आणि परत दिलं. पण मुलं इतकी रमलीत, तर आता त्यात आपण कशाला हात घालायचा, असं त्यांचं म्हणणं. पान मात्र दर महिन्याला चालू राहणार. म्हणजे जिंकलोच की. पुढच्या चौकटी कधीपर्यंत पाठवू, विचारलं.

"तुम्ही काही पाठवू नका," त्या म्हणाल्या. "त्याच पुन्हा छापू."

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने भावाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. सोमवारपासून येतो, म्हणालो.