झाकणाचा डावा कोपरा

खंडेनवमी, संध्याकाळ. लोणखेडा.

चुकलं कुठे, तेच कळत नाहीये. कॉलेजचा सर्व्हर चार वर्षांत कधी बंद झाला नव्हता. लिनक्सवर चालणारा, सगळं आधीच बसवून दिलेला संगणकाचा डबा. हजेरी, गुण, फायली, सगळं एकाच पानावर. बसवणारे सर म्हणाले होते, "शिकायचं काही नाही, फक्त बटणं दाबा." मग मी शिकलेच नाही.

आज लॅबमध्ये यंत्रांची पूजा होती. शिपाई भिकाभाऊ म्हणाले, "मॅडम, तेले बी एक दिन आराम जोयजे." पटलं. बंद केला, ओल्या फडक्याने पुसला. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात फिकट निळं काहीतरी होतं, तेही घासून काढलं. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक.

आरतीनंतर चालू केला, तर पासवर्ड मागतोय! आजवर कधीच मागितला नाही. की कधी बंदच केला नव्हता म्हणून? भिकाभाऊ विचारत होते, "काय इचारी ऱ्हायनं ते?" काय सांगू? परवा मुलांचे गुण विद्यापीठाला पाठवायचेत.

सर्व्हर बसवणाऱ्या, आता नोकरी सोडून गेलेल्या सरांना फोन लावून पासवर्ड विचारला.

"मला कुठला आठवतोय? म्हणून तर झाकणावर लिहून ठेवला. स्केचपेनने, डाव्या कोपऱ्यात."

मी म्हटलं, "हो का? बघते."

काय बघू? तिथे माझं स्वस्तिक आहे.