दात गेलेला मिक्सर

४ जून

मिक्सर गेला. मोटर फिरते, आवाजही नेहमीचाच – भांडं मात्र ढिम्म. भांडं उचलून खाली पाहिलं. ते ज्या काळ्या चक्रीत अडकतं, तिचे सगळे दात झिजून गुळगुळीत झालेत. आणि वेळ काय साधली आहे! परवाच दातांच्या डॉक्टरांनी यांचे उरलेसुरले दात काढले. कवळी हिरड्या भरल्यावर मिळणार. तोवर सगळं वाटून, गाळून, पातळ करून द्यायचं. एकाच आठवड्यात घरातल्या दोघांचे दात गेले.

दुपारी भोपळा उकडून चाळणीवर घासला. हात भरून आले. हे म्हणाले, "सूप छान आहे, पण धागे आहेत."

५ जून

लेकीचा फोन. "आई, नवा घे ना. मी पाठवते, उद्या दारात येईल." तिला म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, एक चक्री बदलायची. टाकाऊ म्हणून टाकायचं, असं आम्हाला शिकवलं नाही.

खरं कारण इथेच लिहिते. सासूबाईंनी आम्हा दोघी जावांना एकाच दिवशी एकेक मिक्सर घेऊन दिला होता. भेदभाव नको म्हणून. पण दुकानात एकाच नंबरचे दोन नव्हते. दिसायला जुळी भावंडं, आतून वेगळे. मी थोरली म्हणून मला वरच्या नंबरचा. दोन्ही एकाच ओट्यावर, शेजारी शेजारी. सकाळी दोन्ही एकदम सुरू झाले की सासूबाई दोन्ही कानांवर हात ठेवून हसायच्या.

ते घर विकलं. आता त्यातली माझ्याकडे एवढीच एक वस्तू उरली आहे. हा गेला की तो ओटाच गेला.

७ जून

शाळेत गृहशास्त्राच्या सिस्टर सांगायच्या, वस्तू घरी आली की आधी पुस्तिका वाचायची, मग वायर लावायची. आणि पुस्तिका जन्मभर जपायची. मी जपली आहे. बिस्किटांच्या डब्यात इस्त्रीची, पंख्याची, मिक्सरची, शिवाय कधीच मोडीत गेलेल्या रेडिओचीही. सिस्टर असत्या तर पाठ थोपटली असती.

पुस्तिका घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नंबर पाहिला. "कपलर म्हणायचं याला. जुना माल आहे, पण आहे माझ्याकडे." तिथल्या तिथे काढून दिला. किती सोपं! लेकीला फोन करून थोडा तोराही मिरवला.

घरी आणून लावला तर आटा बसेना. चक्री नुसतीच टोपीसारखी डुगडुगते.

८ जून

बदलून आणला. तोही डुगडुगतो. यांना आज दुपारीही केळं कुस्करून दिलं. त्यांनी केळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाल्लं.

१० जून

पुन्हा दुकान. आता मला पाहिलं की दुकानदार चष्मा कपाळावरून खाली घेतच नाही.

"बाई, पार्ट बरोबर आहे. तुमचा मिक्सर चुकीचा आहे."

म्हटलं, "मिक्सर चुकीचा कसा असेल? तो माझाच आहे."

"जुनी चक्री दाखवा."

दाखवली. त्याने ती बोटांत फिरवली. "याला दात असते तर जुळवून दिला असता. हा तर गोटा झालाय." पुस्तिकेतल्या नंबरावर बोट ठेवून मी त्याला नंबर पुन्हा मोठ्याने वाचून दाखवला. शाळेत धडा वाचायचे तसा, उभं राहून. मागच्या गिऱ्हाइकाने कौतुकाने ऐकला. उपयोग शून्य.

संध्याकाळी हे म्हणाले, "धाकटीला विचार ना. तिचाही त्याच दुकानातला. तिला काही माहीत असेल."

"त्यापेक्षा मी पाट्यावर वाटीन."

"पाटा आहे कुठे?"

"नाही म्हणूनच म्हणाले."

१२ जून

धाकटीचं नाव काढलं की मन दिवसभर तिकडेच घुटमळतं. लिहूनच टाकते.

घर विकताना भाऊ भांडले ते वडिलांच्या भिंतीवरच्या घड्याळावरून. आम्ही जावा आपापल्या नवऱ्याच्या बाजूने उभ्या राहिलो, बायकांनी राहायचं असतं तशा. तिने मला काहीबाही सुनावलं, मीही तिला सुनावलं. सामान बांधायच्या आतच घड्याळ बंद पडलं. भाऊ विसरले. आता दर रविवारी दोघे फोनवर तासभर गप्पा मारतात, आपापली दुखणी एकमेकांना रंगवून सांगतात. आम्हाला मात्र बाजू सोडा असं कुणी सांगितलंच नाही. लग्नकार्यात समोर आलो तर ती पदर सारखा करते, मी पर्स उघडून काहीतरी शोधते.

एकेकाळी ती माझे केस विंचरून द्यायची. ताप आला होता तेव्हा.

आज यांना सफरचंद उकडून दिलं. म्हणाले, "मी आजारी नाही, मला फक्त दात नाहीत." आवाज इतका केविलवाणा होता की मी आत जाऊन हसले. नवा मिक्सर घेतला तर हा माणूस उद्या पोटभर जेवेल, हे मला कळतं. रविवारपर्यंत थांबते. जमलं नाही तर लेकीला पाठव म्हणेन. आणि जुना मोडीत.

१३ जून

मिक्सरच पिशवीत घालून दुकानात नेला. रिक्षात मांडीवर घेऊन बसले, बाळासारखा. दुकानदाराने तो उपडा केला. खालची नंबराची पट्टी केव्हाच झिजून गेलेली. तो म्हणाला, "हा लाल ठिपका कसला?"

पाहिलं, आणि तिथल्या स्टुलावरच बसले.

नेलपॉलिशचा ठिपका. धाकटीची सवय! एकत्र घरात तिची म्हणून जी वस्तू येई, तिच्या बुडाला ती लाल ठिपका लावायची. वाट्यांना, कात्रीला, छत्रीच्या मुठीला. सासूबाई म्हणायच्या, एक दिवस ही नवऱ्यालाही लावील. इतकी वर्षं मी वरून मिक्सर पुसत आले, उलटा करून कधी पाहिलाच नाही. पुस्तिका जपली माझी आणि मिक्सर वापरला तिचा!

"बाई, पाणी देऊ?" दुकानदार म्हणाला.

म्हटलं, "नको. तुमचं बरोबर होतं. मिक्सर चुकीचा आहे."

तिच्या मिक्सरचा नंबर हवा. तो तिच्याच पुस्तिकेत. म्हणजे आता बोलणं आलं. आणि आधी बोलणार कोण, तर मी.

१४ जून

सबंध रस्ता एकच वाक्य घोकत गेले: मिक्सरची पुस्तिका हवी होती, मिळाली की निघते. दार तिनेच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली,

"या. चपला तिथेच काढा, फरशी आत्ता पुसलीय."

इतक्या वर्षांचा अबोला असा मोडला. तिच्या मागून येऊन भावजींनी पायांत चपला सरकवल्या आणि "जरा जाऊन येतो" म्हणत पसार झाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

ओट्यावर माझा मिक्सर. फुलाफुलांच्या कापडाची टोपी शिवून घातलेली, कडेला बारीक झालर. मी स्वतःच्या मिक्सरला कधी साधं फडकंही घातलं नव्हतं.

"अगं, हा माझा आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"सामान लावलं त्याच संध्याकाळपासून. ठिपका नव्हता ना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलू कशी? अबोला होता ना आपला."

मग गॅसकडे तोंड करून म्हणाली, "म्हटलं, जिची वस्तू ती येईल न्यायला. म्हणून नीट ठेवला. तुम्ही आलाच नाहीत, ताई."

मी पर्स उघडून काहीतरी शोधू लागले. या वेळी खरंच रुमाल शोधत होते.

पुस्तिका? ती तिने पहिल्याच आठवड्यात कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली घातली होती. अजूनही तिथेच. सिस्टर असत्या तर भोवळ आली असती. मग दोघींनी कपाट उचललं. म्हणजे मी उचललं, तिने ओढली. मग तिने उचललं, मी ओढली. मग दोघी खाली फतकल मारून हसलो. तिची कंबर धरली, माझा गुडघा. पुस्तिकेवर पायाचा गोल खड्डा, नेमका नंबरावर. आतल्या पानावर मात्र तो पुन्हा बारीक अक्षरांत छापलेला सापडला. तिचा चष्मा सापडेना, म्हणून माझाच आळीपाळीने लावून वाचला. मी वाचला त्यात शेवटी तीन, तिने वाचला त्यात आठ.

"आठच आहे," ती म्हणाली.

"तीन आहे. मी शाळेत वाचनात पहिली यायचे."

"म्हणूनच चुकीचा पार्ट दोनदा आणलात वाटतं."

अगदी पूर्वीसारखी! निघताना तीही पदर खोचून बरोबर आली. दुकानात नंबर कोण सांगणार यावरून पुन्हा थोडं झालं. आठच निघाला.

१५ जून

चक्री बसली. गाजर, भोपळा, पालक सगळं एकदमच वाटलं. हे दोन वाडगे सूप प्यायले आणि तिसरा मागितला.

धाकटीला फोन करून म्हटलं, तुझा मिक्सर आता घेऊन जा, माझा मला दे. ती म्हणाली, "राहू दे ताई. मला तुमच्याची सवय झालीय. आणि टोपी त्याच्या मापाची आहे."

१८ जून

आज रविवार. हे गच्चीत फोनवर होते. मी कपडे काढायला गेले तर कानावर पडलं – "जमलं रे एकदाचं! आपण खोक्यांत मिक्सर बदलून ठेवले तेव्हा वाटलं होतं, आठ दिवसांत अदलाबदल करायला दोघी भेटतील. बनवणाऱ्यांनी तो इतका टिकाऊ बनवला, त्याला आपण काय करणार!"

मी कपडे दोरीवरच ठेवले. खाली येऊन धाकटीला फोन केला. यांची कवळी यायला अजून वेळ आहे, तेव्हा माझं सोपं आहे: उद्यापासून पुन्हा कुस्करलेलं केळं. भावजींचे दात शाबूत आहेत, पण ते माझ्यावर सोडा, असं ती म्हणाली.