परीक्षेची भिंत

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, तरी लिहिलं. आईने लावलेली सवय आहे. पुढचं मात्र माझ्या मनाचं आहे आणि ते तुला आवडणार नाही. उभ्याउभ्या चाळू नकोस, नीट बसून वाच.

माझी परीक्षा गेली हे तुला ठाऊकच आहे. परवा जेवताना मला आग्रहाने भाजी वाढलीस आणि पुढच्या वेळी होशील गं पास, असं म्हणालासही. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि तुझा तो कनवाळू चेहरा आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते.

कारखाना बंद पडला तेव्हा आपण दोघंही एकदमच घरी बसलो. मग कम्युनिटी कॉलेजचे वर्ग निघाले. तू संगणकाचा घेतलास आणि मला न विचारता माझंही नाव तिथेच घालायला निघालास. मी बांधकाम म्हटल्यावर इतका हसलास की तुझा चहा शर्टावर सांडला. पाठ मोडेल, हात खरबरीत होतील, मग तुझ्याशी लग्न कोण करणार, सगळं बोलून घेतलंस. मी गेलेच. पहिल्याच आठवड्यात थापी हातात बसली. आपण रचलेल्या भिंतीला ओळंबा लावावा आणि ती सरळ निघावी, यात काय सुख असतं ते तुला समजावण्याच्या भानगडीत मी आता पडत नाही.

तुमची लॅब वर आणि आमचं सरावाचं अंगण खाली. तू सुट्टीत उतरायचास, कमरेवर हात ठेवून मुकादमासारखा फिरायचास. एकदा माझ्या भिंतीवर रेलायला गेलास आणि वरची वीट हलली. तू दचकलास. मी सांगायला लागले, की अरे, आमच्या मालात सिमेंट नसतंच, नुसता चुना आणि वाळू असते, कारण शिकाऊ भिंत नंतर उतरवायची असते आणि त्याच विटा खरवडून पुन्हा वापरायच्या असतात. माझं बोलणं संपायच्या आत तू मोबाइल काढलास आणि हं हं करत जिना चढलास. मोठा भाऊ ना तू, तुला कोण काय सांगणार!

परीक्षेच्या सकाळी मी पाणी आणायला गेले आणि तू माझ्या चुना-वाळूच्या ढिगात कोठीतलं सिमेंट मिसळून पसार झालास. परत आले तर ढीग जरा काळपट वाटला. वाळू नवी आली होती, तिचाच रंग असेल म्हणून मी माल कालवला. भिंत अशी देखणी उठली की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोनदा ओळंबा लावून पाहिला आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी वरचे थर उतरवून कोपरा नव्याने बांधून दाखवायचा होता. सगळ्यांच्या विटा थापीच्या टोकाने सुटत होत्या. माझी एक हलेना. हातोडा घातला तर वीट फुटली, सांधा तसाच. परीक्षकांनी तो नखाने खरवडला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, की ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नसतो तोच चोरून सिमेंट घालतो. वर्गात बाई मी एकटीच. मागून कोणीतरी खिदळलं. मी शपथा घेत होते आणि माझ्या शपथांवर माझाच विश्वास उडत चालला होता.

आता तूच सांग. तुमच्या वर्गात सरावाचा संगणक उघडून सुटा करतात आणि पुन्हा जोडतात. मी जर वर येऊन, अरेरे, दादाच्या संगणकाचे तुकडे झाले, म्हणून ते सगळे गोंदाने चिकटवून ठेवले असते, तर तू मला काय म्हणाला असतास? वेडी म्हणाला असतास. आणि तू केलंस ती माया?

हो, माया. आईने हाच शब्द वापरला. काल भाजी चिरता चिरता तिनेच मला सगळं सांगितलं. तू तिच्यापाशी रडलास म्हणे. बिचाऱ्याला वाटलं तुझी भिंत पडेल, चारचौघांत तुझं हसं होईल, म्हणून केलं, असं म्हणाली. मग हळूच पुढचं आलं. लॅबमध्ये तुला मदतनीस म्हणून घेणार आहेत. हे बाहेर पडलं तर घेणार नाहीत. तेव्हा मी मूग गिळून बसावं. तुझं काय गं, तू सोसशील, असं म्हणून ती पुन्हा भाजी चिरायला लागली. मला इतका राग आला की मी तशीच उठून बाहेर गेले.

दादा, मास्तरांनी मला सांगितलंय, की सर्वांसमोर चूक कबूल कर, म्हणजे पुढच्या तुकडीबरोबर परीक्षा देता येईल. ठेकेदार येत्या आठवड्यात आमच्यातले दोघं कामावर घेणार आहे. त्या दोघांत माझं नाव होतं, ते खोडलंय. पण मला सर्वांत जास्त काय लागलं माहीत आहे? तू माझी भिंत पाहिलीस आणि ती पडणार असं धरून चाललास. एकदाही विचारलं नाहीस.

हे सगळं तोंडावर बोलता आलं असतं. पण आई मध्ये पडली असती, तुझे डोळे भरले असते आणि मी नेहमीसारखी विरघळले असते. म्हणून लिहिलं. उद्या वर्ग भरायच्या आधी मी अंगणात त्या भिंतीपाशी उभी राहणार आहे. तू जिना उतरून ये आणि मास्तरांना, माझ्या सगळ्या वर्गासमोर, स्वतःच्या तोंडाने सांग. आला नाहीस तर मी सांगेन, आणि मग मी काहीही पाठीशी घालणार नाही. तुझी नोकरी कदाचित जाईल, हे मला कळतं. मी रात्रभर त्याचाच विचार केला. माझी तर गेलीच आहे.

अजून तरी तुझीच,
धाकटी