आईंचा चष्मा

४ डिसेंबर
पुन्हा तेच! बाबा आईंचा चष्मा लावून पेपर वाचत बसलेले. पेपर सुलटा होता, एवढंच नशीब. मी दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवते, आणि माझेच सासरे गेलेल्या सासूबाईंचा चष्मा लावून घरभर फिरतात. बोललं की म्हणतात, मला हिचाच बरा पडतो. कसला बरा! दोघांच्या नंबरात जमीन-अस्मानाचा फरक.

६ डिसेंबर
आईंची शाल. मी घडी करून कपाटात ठेवते, कामावरून येते तर ती परत बाहेरच्या खोलीत, आईंच्या खुर्चीच्या पाठीवर. बाबांशी भांडता येत नाही, म्हणून शालीशी भांडते झालं.

९ डिसेंबर
एक बाई नवा चष्मा परत घेऊन आल्या. का? तर घरात एवढी जळमटं आहेत हे त्यातून दिसलं! जुनाच द्या म्हणे. मालकांनी हसू दाबायला उगाच एक काच पुसायला घेतली. घरी येऊन बाबांना सगळं रंगवून सांगितलं. ते हसले नाहीत. "बरोबर आहे त्यांचं," एवढंच म्हणाले.

१० डिसेंबर
बाबा पडले. बाथरूमच्या पायरीवर. दिसणार कशी पायरी, त्या चष्म्यातून! गुडघा सुजलाय, हाड वाचलं. पुन्हा पडले तर अंथरूणच धरतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नवरा चिडला तो माझ्यावर — चष्म्याच्या दुकानात काम करतेस ना तू? जसं काही मीच ढकललं!
ओट्याशी उभी राहून रडले. आई गेल्या. आता बाबाही गेले तर ह्या घरात माझ्याशी दोन शब्द बोलणार कोण?

१३ डिसेंबर
जेवणाच्या सुट्टीत बाबांचा चष्मा स्वतःच्या हातानं बनवला. हलकी फ्रेम, काच त्यांच्या नंबराची. संध्याकाळी त्यांना लावला आणि आईंचा पर्समध्ये टाकला. शालही धुऊन वरच्या कप्प्यात, त्यांचा हात पोचणार नाही अशी. ते नवा चष्मा नाकावर नीट बसवून आत निघून गेले. मी भांडायच्या तयारीत होते!

१७ डिसेंबर
नवा चष्मा रोज लावतात. पायरी बघून उतरतात. नवरा खूश. जिंकले मी.
पण बाहेरच्या खोलीत आता बसतच नाहीत. पलंगावर भिंतीकडे तोंड करून असतात. ताटात निम्मं तसंच. आज विचारलं, बाबा, नीट दिसतं ना?
"दिसतं की. सगळं रिकामं अगदी स्पष्ट दिसतं."

१८ डिसेंबर
दुकानात एकाची डावी-उजवी काच अदलाबदल करून बसवली. मालकांनी स्वतःच काढून नीट बसवल्या. तेच जास्त लागलं.

२० डिसेंबर
रजा घेतली. दुपारी बाबांचा डोळा लागला होता. काय मनात आलं कोण जाणे — शाल खाली काढली, खुर्चीवर टाकली. बाबा बसायचे तिथे समोर बसले आणि आईंचा चष्मा लावला.
आधी नुसतंच धुकं. खिडकी, दिवा, भिंत, सगळं एकमेकांत विरघळलेलं. मग खुर्चीत कोणीतरी बसलेलं. खांदे जरा पुढे, मान डावीकडे कललेली, आई बसायच्या तशीच. चष्मा काढला. शाल. परत लावला.
कितीतरी वेळ बसून राहिले. मेली मी, काय केलं हे!

२१ डिसेंबर
सकाळी दोन्ही चष्मे बाबांच्या हातात दिले. गिऱ्हाइकाला सांगते तसं सांगितलं : चालताना हा, इथे बसल्यावर तो. चालताना तो लावलात तर मात्र माझ्याशी गाठ आहे.
त्यांनी खुर्चीवरच्या शालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"तू लावून बघितलास?"
मी मान डोलावली.
"मग? बरी आहे ना ती?"
बऱ्या आहेत, म्हटलं.